मिस्ट्री स्नेलचं नवं कवच पापडासारखं पातळ येतंय, टीडीएस ५४० असूनही

शेवाळवेडी | १४ जून, रात्री १०:२०

नमस्कार मंडळी,

वाकडला राहते. दोन फुटी टाकी आहे, दगड-रेती वजा जाता ४५ लिटर पाणी बसतं. आठ-दहा गप्पी आणि पाच मिस्ट्री स्नेल. गोगलगायी मार्चमध्ये आणल्या तेव्हा सुपारीएवढ्या होत्या, आता छोट्या लिंबाएवढ्या झाल्यात. आणल्या तेव्हाचं कवच अजून जाड आणि चकचकीत आहे. पण इथे आल्यावर जे वाढलं ते पातळ, उजेडात धरलं तर आरपार दिसेल असं. दोघींच्या कवचाच्या तोंडाशी तडे गेलेत. काल पाणी बदलताना एकीला उचलून बाजूला ठेवायला गेले, तर कडेचा नखाएवढा तुकडा माझ्या बोटांत आला. मुलगी समोरच उभी होती. तिने त्या गोगलगायीचं नाव ‘चिंगी’ ठेवलंय. दोघींचाही जीव कळवळला.

पाणी मऊ असलं की कवच खराब होतं एवढं वाचलंय. पण आमचं पाणी मऊ कसं असेल? टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) ५४०, पीएच ७.८. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २०. समुद्रफेनाचा (माकूल या समुद्री जीवाच्या कॅल्शियमयुक्त हाडाचा) तुकडा सहा आठवडे टाकीत आहे, पण तो जराही झिजलेला नाही. आता काय करू?

जुनी_टाकी | १४ जून, रात्री ११:०५

ताई, खायला काय देता? आणि उन्हाळ्यात पाण्याचं तापमान किती होतं? मी दादरला तीस वर्षं टाक्या सांभाळतोय. एप्रिल-मेमध्ये पाणी ३१-३२ अंशांना गेलं की मिस्ट्री स्नेल भराभर वाढते आणि कवच भरायला तिला सवड मिळत नाही. काकडीवर ठेवत असाल तर काकडी म्हणजे नुसतं पाणी. शेवग्याचा पाला किंवा मेथी उकळत्या पाण्यातून काढून द्या. पालक देऊ नका असं नाही, पण त्यातलं कॅल्शियम ऑक्झॅलेटमध्ये अडकलेलं असतं, त्याच्यावर भिस्त ठेवू नका.

नवा_गप्पी | १५ जून, सकाळी ८:४०

कवच कॅल्शियमचं, चुनाही कॅल्शियमचाच. पानाला लावतात तो चुना चिमूटभर टाकला तर? घरी आजीच्या डब्यात असतोच.

तुरटी | १५ जून, सकाळी ८:५५

आधी हे घाईने लिहितो, बाकीचं रात्री. टाकीत चुना टाकू नका. खायचा चुना म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड. चुन्याच्या निवळीचा पीएच १२ च्या वर असतो. ४५ लिटरच्या टाकीत अंदाजाने टाकलेली चिमूटसुद्धा मासे आणि गोगलगायी दोघांनाही भाजून काढेल. कवच ज्याचं बनतं ते कॅल्शियम कार्बोनेट, हा वेगळा पदार्थ आहे.

काष्ठौषधीच्या दुकानातून समुद्रफेन आणणाऱ्यांनी आणखी एक तपासावं. काही वेळा त्याऐवजी शंखजिरं हातात येतं. नावात शंख असला तरी तो मऊ दगड आहे, मॅग्नेशियम सिलिकेट. त्यात शंखाला लागणारं काहीच नाही. समुद्रफेन हलकं असतं, पाण्यावर तरंगतं आणि नखाने खरवडलं तर पांढरी पूड पडते.

जांभा | १५ जून, दुपारी १:३०

धागा वाचून मीही माझं दुखणं मांडतो. मी देवरुखजवळचा, घरच्या विहिरीचं पाणी वापरतो. माझ्याकडे चार नेराइट गोगलगायी आहेत आणि प्रकार ताईंच्या बरोबर उलटा आहे. कवचाची कड, म्हणजे नवी वाढ, बरी दिसते. पण टोक खाल्ल्यासारखं झालंय. आधी रंग गेला, मग पांढरे डाग पडले, आता खड्डे आहेत. टाकीत बेट्टा मासा असल्यामुळे देशी बदामाची वाळलेली पानं टाकतो, पाणी चहासारखं होतं. टीडीएस ५०, पीएच ६.३. आमच्या दोघांचं दुखणं एकच का?

तुरटी | १५ जून, रात्री ९:४५

नाही, ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि दोन्ही एकाच धाग्यावर आली हे फार चांगलं झालं. मी पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर जडपणाची टायट्रेशनं करणं हाच माझा व्यवसाय आहे, तेव्हा जरा सविस्तर लिहितो.

गोगलगायीच्या अंगावर कवचाला लागून एक मांसल पडदा असतो, प्रावरण. त्याची कड कवच तयार करते. आधी प्रथिनाचा एक पातळ थर येतो. तो बाहेरचा, रंगीत, वार्निशसारखा असतो. त्याच्या आत कॅल्शियम कार्बोनेटचे स्फटिक रचले जातात. हे काम कवचाच्या तोंडाशीच चालतं. म्हणजे कवचाची कड हा तिचा या महिन्यातला भाग आणि टोक हा तिच्या लहानपणचा. टोकावरचं वार्निश एकदा गेलं की बाहेरून ते पुन्हा चढवण्याची सोय तिच्याकडे नाही. प्रावरण तिथे बाहेरून पोहोचतच नाही. फार तर आतून एखादा थर देऊन ती भिंत जाड करते.

म्हणून कवचाकडे बघताना आधी कुठे बिघडलंय ते बघा. टोक खाल्लं जात असेल तर झालेलं बांधकाम पाण्यात विरघळतंय. कड पातळ येत असेल तर बांधायला माल कमी पडतोय. पहिल्यात पाणी आक्रमक आहे, दुसऱ्यात पाणी गरीब आहे.

आता मोजमाप. शेवाळवेडी ताई, टीडीएसचा मीटर पाण्यातून वीज किती वाहते ते बघतो आणि त्याला एका आकड्याने गुणून टीडीएस दाखवतो. वीज सोडियम वाहून नेतोय की कॅल्शियम, हे त्याला ओळखता येत नाही. मिठाचं पाणी आणि चुनखडीचं पाणी त्याच्या लेखी सारखंच. पीएचही कॅल्शियमबद्दल काही सांगत नाही. तुम्हाला दोन वेगळे आकडे हवेत. जीएच म्हणजे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम मिळून जडपणा, आणि केएच म्हणजे बायकार्बोनेटचा साठा. थेंबांचं किट घ्या. ५ मिलि पाण्यात एकेक थेंब टाकत जायचं. जीएचमध्ये रंग नारिंगीचा हिरवा होतो, केएचमध्ये निळ्याचा पिवळा. जितके थेंब तितक्या डिग्री. एक डिग्री म्हणजे लिटरमागे १७.९ मिलिग्रॅम, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. तपासणीच्या कागदी पट्ट्यांवर विसंबू नका.

किट येईपर्यंत दोन प्रश्नांची उत्तरं द्या. अंघोळ करताना साबण लवकर सुटत नाही, अंग बुळबुळीत राहतं असं वाटतं का? आणि सोसायटीच्या आवारात कधी मिठाच्या गोण्या उतरताना पाहिल्यात का?

शेवाळवेडी | १५ जून, रात्री १०:३०

दोन्हींना हो! मिठाच्या गोण्या पंपाच्या खोलीबाहेर रचलेल्या असतात. मला वाटायचं त्या पोहण्याच्या तलावासाठी असतील. आता प्लंबर दादांना फोन करून विचारलं. आमच्याकडे दोन लाइनी आहेत. स्वयंपाकघरात महापालिकेचं पवनेचं पाणी येतं आणि बाथरूमना बोअर व टँकरचं पाणी, ते सॉफ्टनरमधून. मी टाकीसाठी नेहमी बाथरूमच्या नळाचं पाणी घेत आले, कारण तिथे बादली भरणं सोपं. कोणी सांगितलंच नव्हतं की दोन नळांच्या पाण्यात एवढा फरक असतो.

तुरटी | १५ जून, रात्री ११:१०

मग उलगडा झाला. सॉफ्टनरच्या टाकीत रेझिनचे मणी असतात. पाणी त्यातून गेलं की प्रत्येक कॅल्शियमच्या बदल्यात दोन सोडियम सोडले जातात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा तयार करतात, त्यासाठी त्या गोण्या. त्यामुळे टीडीएस जवळपास तेवढाच राहतो, केएच आणि पीएचही हलत नाहीत. गायब होतं ते फक्त कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, नेमकं गोगलगायीला हवं तेच.

यात सोसायटीची चूक नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, एकूण जडपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह धरला आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतात. बेसॉल्टमधल्या बोअरचं पाणी २०० च्या वर सहज जातं. गीझरला खपली धरते, नळ पांढरे पडतात, म्हणून सॉफ्टनर बसवतात. माणसांच्या अंघोळीला ते ठीकच आहे.

शेवाळवेडी | १९ जून, संध्याकाळी ७:१५

किट आलं. मुलीने थेंब मोजले, मी रंग बघितला. प्रत्येक मोजणी दोनदा केली.

बाथरूमचं पाणी: जीएच २, केएच १३.
स्वयंपाकघराचं: जीएच ४, केएच ३.
प्लंबर दादांनी सॉफ्टनरच्या आधीच्या नळातून बाटलीभर कच्चं बोअरचं पाणी दिलं: जीएच २४, केएच १३.

टाकीचे आकडे बाथरूमसारखेच. म्हणजे केएच तुम्ही सांगितलं तसंच दोन्हीकडे १३! पण समुद्रफेन सहा आठवडे पाण्यात असून जीएच २ च का? ते का विरघळलं नाही?

तुरटी | १९ जून, रात्री ९:५०

फार नेटकं मोजलंत. मुलीला माझी शाबासकी.

समुद्रफेन, शंख, शिंपले, अंड्याचं कवच, प्रवाळाची रेती, सगळं कॅल्शियम कार्बोनेट. ते विरघळायला पाण्यात आम्लपणा लागतो. तुमच्या पाण्यात कार्बोनेटचा साठा आधीच भरपूर आहे आणि पीएच ७.८. असं पाणी आणखी कार्बोनेट घ्यायला फारसं तयार नसतं. पाण्याचे पाइप आतून खाल्ले जातील की त्यांना खपली धरेल, हे ताडण्यासाठी लँगलिअर यांनी १९३६ मध्ये एक निर्देशांक मांडला. शंखालाही तोच ताळा लागू पडतो. शून्य म्हणजे समतोल, वजा म्हणजे पाणी चुनखडी खाणार. तुमच्या आकड्यांवर तो साधारण वजा ०.३ येतो. म्हणून जुनं कवच शाबूत आहे आणि समुद्रफेनही.

जांभा यांच्या पाण्याचा केएच १ धरला तर निर्देशांक वजा ३ च्या आसपास जातो. हे लॉगरिदमचं माप आहे, एकेक घर दहापटीचं. तिथे टोकावरचं वार्निश कुठे खरचटलं की पाणी आत शिरून चुना खात सुटतं.

तेव्हा तुमच्यासाठी समुद्रफेन निरुपयोगी आणि जांभांसाठी तेच औषध. सरसकट ‘समुद्रफेन टाका’ हा सल्ला मला म्हणूनच पटत नाही.

तुमच्याकडे उपाय घरातच आहे. कच्चं बोअरचं पाणी एक भाग, स्वयंपाकघराचं दोन भाग. जीएच (२४ + ४ + ४) भागिले ३, म्हणजे पावणेअकराच्या आसपास. केएच (१३ + ३ + ३) भागिले ३, म्हणजे सहाच्या थोडं वर. मिस्ट्री स्नेल आणि गप्पी दोघांनाही मानवेल. महापालिकेच्या पाण्यातला क्लोरीन मारून घ्या. एकदम पाणी पालटू नका, दर दोन दिवसांनी चार-पाच लिटर बदलत जा.

कच्चं बोअरचं पाणी ज्यांना मिळत नाही त्यांच्यासाठी: १०० लिटरमध्ये जीएच १ डिग्रीने वाढवायला सुमारे ३ ग्रॅम जिप्सम लागतं, किंवा ४.४ ग्रॅम एप्सम सॉल्ट. जिप्सम सल्फेट असल्यामुळे पीएच कितीही असला तरी विरघळतं, फक्त सावकाश. आधी बाटलीत हलवून घ्या. एप्सममध्ये कॅल्शियम नाही, फक्त मॅग्नेशियम. जीएचचा आकडा त्यानेही वाढतो पण कवच त्याने होत नाही. तीन भाग जिप्समला एक भाग एप्सम पुरे.

दूरची_पाणपोई | २० जून, पहाटे २:१०

ग्लासगोहून लिहिते. इथल्या नळाला लॉख कॅट्रीन तलावाचं पाणी येतं. १८५९ पासून शहर तेच पितं आणि ते अतिशय मऊ आहे. माझ्या नळाचा जीएच १. सुरुवातीला पाणी दुरुस्त करून घेतलं, सगळं छान चाललं आणि आठ महिन्यांनी रॅम्सहॉर्न गोगलगायींची टोकं पांढरी पडू लागली. एकमेकींच्या पाठीवर बसून कवच खरवडायच्या. मोजलं तर केएच शून्यावर आलेला. मी पाणी बदलायची आळशी नव्हते, पण टाकीत मासे फार झाले होते. तुरटी, याचं कारण सांगाल का? मराठीत समजून घ्यायचंय.

तुरटी | २० जून, सकाळी ७:३०

मासे अमोनिया सोडतात. फिल्टरमधले जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि त्या क्रियेत आम्ल तयार होतं. ते आम्ल केएच खाऊन टाकतं. हिशोब असा की १ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे ७ मिलिग्रॅम कार्बोनेटचा साठा संपतो. म्हणजे मासे जितके जास्त आणि खाणं जितकं जास्त, तितकी ही गळती जोरात. तुमच्या पाण्यात साठाच थोडा, म्हणून तो लवकर आटला. केएच संपला की पीएच धरून ठेवायला कोणी उरत नाही. मऊ पाण्याच्या गावात केएच महिन्यातून दोनदा तरी मोजावा.

जुनी_टाकी | २० जून, सकाळी ९:२०

इतक्या वर्षांत टीडीएस आणि जीएचमधला फरक मला कोणी असा उलगडून सांगितला नव्हता. मुंबईला भातसा-वैतरणेचं पाणी, आमच्याकडे हा सॉफ्टनरचा घोळ कधी आलाच नाही.

एक इशारा मात्र द्यायचा आहे. धागा कवचाचा असला तरी लिहितो. माशांना पांढरे ठिपके आले की देतात त्या काही औषधांत मोरचूद, म्हणजे तांब्याचा क्षार असतो. तांबं गोगलगायींना विषासारखं आहे. १९९८ च्या सुमारास एका बाटलीवरचा मजकूर न वाचता औषध घातलं आणि रात्रीत अकरा गोगलगायी गेल्या. मासे वाचले. अजून ती बादली आठवते. औषध द्यायचं असेल तर मासे दुसऱ्या भांड्यात काढून द्या.

जांभा | २० जून, दुपारी २:००

माझा केएच मोजला, एकच थेंब. जीएचही एकच. आमच्याकडे सगळी जमीन जांभ्याची, तिच्यात चुना नावालाही नाही. इथे तिसऱ्यांच्या शिंपल्यांना तोटा नाही, घरामागे ढीग असतो. उकळून, घासून, ठेचून फिल्टरच्या पिशवीत भरले तर चालतील ना? आणि बदामाची पानं?

तुरटी | २० जून, रात्री ८:४०

उत्तम चालतील. मांसाचा कण राहू देऊ नका, नाहीतर अमोनिया वाढेल. मूठभरापासून सुरू करा आणि आठवड्याला केएच मोजा. तुमचं पाणी आम्ल असल्यामुळे शिंपले आपोआप विरघळतील, आणि पीएच ७.५ च्या पुढे गेला की आपोआप मंदावतील. इथे जास्त झाल्याचा धोका कमी.

बेट्टा आणि नेराइट मात्र वेगळे करा. पानांनी तुम्ही पीएच खाली ओढणार आणि शिंपल्यांनी वर. या ओढाताणीत नेराइटचं टोक जातं. नेराइट मुळात खाडीच्या तोंडाशी राहणारे जीव, त्यांना चहाच्या रंगाचं पाणी सोसत नाही.

शेवाळवेडी | २५ ऑगस्ट, रात्री ९:३०

उशीर झाला, पण सांगण्यासारखं घडेपर्यंत थांबले होते.

जूनअखेरीस टाकी नव्या पाण्यावर आली. आता जीएच १०, केएच ६, पीएच ७.६. दर रविवारी प्लंबर दादा पाच लिटरचा कॅन कच्च्या पाण्याने भरून ठेवतात. कशासाठी हे त्यांना टाकी दाखवून सांगितलं, तेव्हापासून ते स्वतःच आठवण करतात. खाण्यात शेवग्याचा पाला सुरू केला, तो उरलेल्या चौघी देठापर्यंत संपवतात.

चिंगीच्या कवचावर आता एक रेघ स्पष्ट दिसते. रेघेच्या आतला पट्टा पातळ आणि फिका, त्याच्या कडेला तो तुटलेला भाग. रेघेच्या बाहेर ७ मिलिमीटर नवं कवच आलंय, घट्ट आणि गडद. मुलीने वहीत दर आठवड्याला दोऱ्याने माप घेऊन लिहिलंय. पातळ पट्ट्याची भीती अजून वाटते, म्हणून आम्ही तिला हाताने उचलत नाही, वाटीत घेऊन हलवतो. चार क्रमांकाची गोगलगाय जुलैत गेली. तिचा तडा आतपर्यंत गेला होता.

जांभा | २६ ऑगस्ट, सकाळी ११:४५

माझ्याकडे केएच ४, पीएच ७.१. बेट्टा वेगळ्या बरणीत, पानांसकट खूश आहे. नेराइटच्या टोकांवरचे खड्डे आहेत तसेच आहेत, तुरटींनी सांगितलं होतं त्याप्रमाणे. पण दोन महिन्यांपूर्वीचे फोटो शेजारी ठेवून पाहिले, एकही खड्डा वाढलेला नाही.

ताई, तो पातळ पट्टा आतून जाड होतोय का, हे उजेडात धरून पाहिलंत का?

शेवाळवेडी | २६ ऑगस्ट, रात्री १०:१०

आत्ताच पाहिलं. वाटीतच ठेवून खालून मोबाइलचा दिवा धरला. जूनमध्ये त्या पट्ट्यातून बोट दिसायचं. आता फक्त पिवळसर उजेड येतो.